निलोफरच्या ताटातला गहू

गुरुवार, १० जुलै २०२५

मी तन्वीर खलील पटेल, वय चौपन्न, वाणिज्य पदवीधर, येथील एका खासगी महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक. माझी मुलगी निलोफर, वय बावीस, हिला सीलिएक हा आजार असल्याचे काल निश्चित झाले. गहू, जव आणि त्यांपासून केलेला कोणताही पदार्थ तिच्या आतड्याला इजा करतो. डॉक्टर मॅडमनी तीन महिने तिच्या आहाराची नोंद ठेवण्यास सांगितले आहे. ही वही त्यासाठी आहे. घरात आम्ही दखनी बोलतो. परंतु तीस वर्षे कार्यालयीन टिपणे मराठीत लिहिल्यामुळे नीट विचार करायचा तर मला मराठीच लागते.

आजची स्थिती : वजन एकोणचाळीस किलो. हिमोग्लोबिन ७.९. रक्तातील ज्या तपासणीचा आकडा वीसच्या आत असावा, तो दोनशेच्या वर.

निलोफरची मंगनी जूनमध्ये हर्सूलच्या बासितभाईंच्या फारूखशी झाली आहे. निकाह डिसेंबरात आहे. आज मी माझी पत्नी अमिना व निलोफर यांना समोर बसवून स्पष्ट सांगितले, की निकाहपर्यंत या विषयाचा एक शब्दही हर्सूलला पोहोचता कामा नये. हा आजार नसून आहाराचा नियम आहे, आणि नियम जाहीर करण्याची आवश्यकता नसते.

अमिना म्हणाली, "आणि निकाहनंतर?"

मी म्हणालो, तोवर आकडा उतरलेला असेल.

निलोफरने एवढेच विचारले, "अब्बा, पास्ता पण नाही?"

गेले सहा महिने तिची भूक गेलेली आहे. भाकरी, भात ती चिवडून ठेवते. दर शनिवारी मैत्रिणींबरोबर खाल्लेला पास्ता तेवढा ती आठवडाभर आठवत असे. मी म्हणालो, पास्त्याचे मी पाहतो.

शनिवार, १२ जुलै

निराला बाजारपासून सिडकोपर्यंत सहा दुकाने पाहिली. एकूण चौदा पाकिटे तपासली. नऊ सुजीची, म्हणजे गव्हाचीच. दोन पाकिटांवर नाचणी आणि ज्वारी ठळक अक्षरांत व कणसाचे चित्र. मागे घटकांच्या यादीत पहिला गहू. एकावर ग्लूटेनमुक्त असे छापलेले, पण तळाशी बारीक अक्षरांत, की याच कारखान्यात गव्हावर प्रक्रिया होते. उरली दोन : एक निव्वळ तांदळाचे, दुसरे मका व तांदूळ मिळून.

दुकानदार म्हणाला, "काका, पास्ता घ्यायला आलात की तपासणीला?"

मी त्याला सांगितले, की दर्शनी बाजू विक्रेत्याची असते आणि मागची बाजू खाणाऱ्याची. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड केले.

रविवार, १३ जुलै

आयुष्यात प्रथमच चुलीसमोर उभा राहिलो. तांदळाचा पास्ता. पाकिटावर दहा मिनिटे लिहिली होती. मी घड्याळ लावून दहा मिनिटे दिली. नळ्या फुटल्या आणि पातेल्यात पांढरी पेज उरली. अमिना दारातून पाहत होती. म्हणाली, "वाया जाणार नाही. तुमच्या कुर्त्याला खळ होईल."

निलोफर हसली. चार चमचे खाल्ले.

गुरुवार, १७ जुलै

निलोफरच्या होणाऱ्या सासूबाई, शाइस्ता भाभी, आज पाच वाजता आल्या. त्यांच्या घराची रीत अशी, की मंगनी झालेल्या मुलीला निकाह होईपर्यंत दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, फातिहा पढून झाल्यावर मलीदा न्यायचा आणि सासूने स्वतःच्या हाताने तिचे तोंड गोड करायचे. मंगनीनंतर मोहर्रम आल्याने आरंभ आज झाला. मी बाहेरच्या खोलीत होतो. समधनसमोर, म्हणजे विहिणीसमोर, पुरुषाने बसू नये. पडद्याआड हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. माझ्यासाठी वाटी बाहेर आली. जाडसर गव्हाच्या पोळ्या खरपूस भाजून कुस्करलेल्या, गूळ बेताचा, तूप घरचे. मलीदा उत्तम होता.

आत काय झाले याची चौकशी मी केली नाही. तो बायकांचा भाग आहे, आणि निलोफर समजूतदार आहे.

रात्रीच्या जेवणाला तिने पास्ता नको म्हटले.

रविवार, २० जुलै

यश. मका व तांदूळ यांचे मिश्रण. कृती नोंदवून ठेवतो.

अडीचशे ग्रॅमला तीन लिटर पाणी. कमी पाण्यात हा पास्ता स्वतःच्याच पिठात अडकतो. उकळी फुटल्यावर मीठ, चव घेतली तर जाणवेल इतके. पास्ता सोडल्यावर पहिली दोन मिनिटे चमचा थांबवू नये, नळ्या एकमेकींना चिकटतात. पाकिटावर दहा मिनिटे असतील तर सातव्या मिनिटापासून एकेक नळी दाताखाली धरून पाहावी. मध्यभागी सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका असतानाच उतरवावे. वाटीभर पाणी राखून ठेवावे आणि उरलेले शिजणे टोमॅटो-लसणाच्या रश्श्यात होऊ द्यावे. थंड झाल्यावर नळी कडक होऊन तुटते. म्हणून खाणाऱ्याला आधी बसवावे, मग चाळावे.

निलोफरने पूर्ण बशी संपवली. "अब्बा, कॉलेजच्या कँटीनपेक्षा चांगला झालाय," असे म्हणाली. हे वाक्य मी जसेच्या तसे लिहीत आहे.

शुक्रवार, २५ जुलै

पोटात कळा, दोनदा जुलाब. काल रात्री पास्ता खाल्ला होता, अर्धी बशी. पाकीट तेच, पाणी तेच, वेळ तीच. कारण सापडत नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

थंड पास्ता किती तासांनी कडक होतो हे पाहण्यासाठी डबा कार्यालयात नेला होता. आमचा शिपाई कडुबा वाकून पाहू लागला.

"सायब, ह्या कशाच्या नळ्या?"

सांगितले. हा माणूस फुलंब्रीकडचा आहे. त्याचा आणि हर्सूलचा संबंध येत नाही, म्हणून आजाराचेही सांगितले.

"मग भाकर द्या की पोरीला. आमच्याकडं गहू कुणालाच बाधला नाय. मिळतच नव्हता, बाधंल कुठून?"

मी म्हणालो, भाकरी देतोच, पण ती खात नाही.

त्याने एक नळी चावून पाहिली. "सासरी सांगितलं का?"

"नाही."

"मग तिथं काय खाईल ती? ह्या नळ्या वटीत बांधून नेईल व्हय?"

हा प्रश्न डिसेंबरनंतरचा आहे. त्याला टपाल घेऊन पाठवले.

रविवार, ३१ ऑगस्ट

आज बसून सात आठवड्यांच्या नोंदी समोर मांडल्या. पोटदुखी व जुलाब यांचे एकूण तेरा दिवस. त्यांपैकी अकरा शुक्रवार किंवा शनिवार. पास्ता आठवड्यातून दोनदा होतो : गुरुवारी रात्री आणि रविवारी दुपारी. रविवारचा बाधत नाही. अर्थात दोष गुरुवारच्या पास्त्यात आहे.

मग गुरुवारी वेगळे काय घडते, याचा शोध घेतला. गुरुवारी शाइस्ता भाभी येतात, त्यामुळे मला चुलीशी जायला उशीर होतो आणि घाई होते. माझी मलीद्याची वाटी त्याच मोरीत विसळली जाते जेथे पास्त्याची चाळणी असते. मलीद्याचे कण चाळणीच्या भोकांत अडकत असले पाहिजेत.

निष्कर्ष : दोष चाळणीचा. नवी चाळणी आणली व तिच्यावर लाल रंगाची खूण केली. माझी वाटी यापुढे अंगणातल्या नळावर धुवावी, असे अमिनाला सांगितले.

अमिना बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "तुमच्या वाटीचे कण?"

मी म्हणालो, वैद्यकशास्त्राप्रमाणे एक कणही पुरेसा असतो.

ती उठून आत गेली.

गुरुवार, १८ सप्टेंबर

वजन साडेसदतीस. आता डाळीच्या पिठाचा पास्ता आणला आहे. फेस फार येतो, पातेले मोठे घ्यावे लागते. शाइस्ता भाभी येऊन गेल्या. मलीद्यात आज खोबरे होते. जाताना पडद्याआडून म्हणाल्या, "भाईजान, पोरगी लई वाळली. तुम्ही खायला घालत नाही का? एकदा माझ्या घरी येऊ द्या, दोन महिन्यांत गाल भरते की नाही बघा."

मी हसून वेळ निभावून नेली.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज तपासणीचा दिवस. आकडा अजून दोनशेच्या वर. हिमोग्लोबिन ७.१.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "गहू बंदच झालेला नाही."

मी म्हणालो, हे अशक्य आहे, आणि ही वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बाहेर रुग्ण थांबलेले असताना त्यांनी पंधरा मिनिटे वाचले. मला त्या वेळी, हे लिहिताना लाज वाटते, अभिमान वाटत होता.

एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवले. "हा गुरुवारचा मलीदा. गव्हाचा. हा कोण खातं?"

"मी."

"आणि ती?"

मी निलोफरकडे पाहिले. ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. अमिना भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होती.

"बेटा, किती खातेस?" मॅडमनी विचारले.

"त्या भरवतात. पाच-सहा घास."

"दर गुरुवारी?"

"हौ."

मॅडमनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "पटेलसाहेब, तुम्ही चाळणीची भोकं मोजत बसलात. आजच्या आज त्या घरी सांगा. हे असंच चाललं तर हे आतडं मला सुधारता येणार नाही."

रविवार, १२ ऑक्टोबर

काल घरी आल्यावर विचारले, की मला का सांगितले नाही.

निलोफर म्हणाली, "नको म्हटलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं. तुम्ही म्हणाला होता, एक शब्दही नाही."

अमिना म्हणाली, "मी सांगणारच होते. चाळणी आणली त्या दिवशी. तुम्ही इतकं मन लावून खूण करत होता." मग म्हणाली, "मी होईल तेवढं करायची. त्यांची पाठ वळली की तिच्या तोंडातला घास माझ्या ओढणीत घ्यायची."

मी हर्सूलला जाण्यासाठी कपडे केले होते. दारापर्यंत गेलो. परंतु तीन महिने लपवले, हे आता कोणत्या शब्दांत सांगायचे? पहिल्या दिवशी सांगितले असते तर तो आजार ठरला असता. आज सांगितले तर ती फसवणूक ठरेल. निकाहला दोन महिने उरले आहेत, म्हणजे नऊ जुमेराती. नऊ वेळा मलीदा टाळता आला तर सांगण्याची वेळ येणार नाही.

उपाय सुचला आहे. गुरुवारचा नफील, म्हणजे ऐच्छिक, रोजा ठेवणे पुण्याचे मानले जाते. रोजेदार मुलीला कोणी आग्रह करणार नाही. शाइस्ता भाभी पाचला येतात आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानीपूर्वी निघतात.

अमिना म्हणाली, "रक्त सात आहे तिचं. उपाशी ठेवणार?"

मी म्हणालो, तेरा तासांचा प्रश्न आहे. पहाटे सहरीला मी स्वतः पास्ता करून देईन.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

योजना यशस्वी. भाभींनी रोजा ऐकून निलोफरच्या डोक्यावरून हात फिरवला, खूप दुआ दिल्या, डबा ठेवून गेल्या. मलीदा शेजारी वाटला. निलोफर इफ्तारनंतर लगेच झोपली. शुक्रवारी पोट दुखले नाही तर सिद्ध होईल.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दुखले नाही. सिद्ध झाले.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

कालची नोंद आज रुग्णालयात बसून लिहीत आहे. क्रमाने लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीमुळे मी दिवसभर घरी होतो. निलोफरचा रोजा होता. पाचला भाभी आल्या, पण या वेळी निघाल्या नाहीत. पडद्याआडून म्हणाल्या, "भाईजान, आज मी थांबते. सुनेचा रोजा मीच सोडवणार. माझ्या हातचा मलीदा, पहिला घास."

अमिना बाहेर आली. माझ्यासमोर खजुराची बशी ठेवून तशीच उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "आता तरी बोला."

मी म्हणालो, एक दिवसाचा प्रश्न आहे.

ती आत गेली. सहाच्या सुमारास अजान झाली. आतून भाभींचा आवाज आला, "बिस्मिल्ला कर, बेटी. मोठा घे. अजून एक. माझ्यासाठी." प्रत्येक घासाला त्या काहीतरी लाडाचे बोलत होत्या. मी नऊ घास मोजले. माझ्यापासून पडदा चार पावलांवर होता. मी उठलो नाही.

पाऊण तासाने निलोफर मोरीकडे गेली. उलटीचा आवाज आला, नंतर भांडे पडल्यासारखा. ते भांडे नव्हते. मोरीच्या कठड्याला लागून तिचे कपाळ फुटले होते. रिक्षात भाभींनी तिचे डोके मांडीवर घेतले होते आणि स्वतःच्या ओढणीने रक्त दाबून धरले होते.

तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरने विचारले, आधीचा काही आजार?

भाभी म्हणाल्या, "काही नाही. जरा अशक्त आहे."

मग मला सांगावे लागले. डॉक्टरने विचारले, आज गहू पोटात गेला का? अमिना म्हणाली, "गेला." भाभींनी आधी अमिनाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही.

हिमोग्लोबिन ५.८. रक्त चढवणे चालू आहे.

शनिवार, २५ ऑक्टोबर

शाइस्ता भाभी सकाळी आल्या. पडदा वगैरे काही न पाळता त्या माझ्या समोरच्या बाकावर बसल्या. डबा नव्हता.

"भाईजान, किती दिवसांपासून माहीत होतं?"

"जुलैपासून."

"मी पहिल्यांदा मलीदा आणला त्याच्या आधी?"

"आधी."

त्या म्हणाल्या, "आमच्या घरी मलीदा बाजरीचा होतो. माझ्या सासूपासून बाजरीचाच. गव्हाचा मी निलोफरसाठी वेगळा करायची. नवी सून आहे, तिला चांगलं म्हणून." मग त्यांनी उजवा हात पुढे करून स्वतःच पाहिला. "चौदा जुमेराती ह्या हातानं भरवलं मी तिला. तुम्ही बाहेर बसून वाटी चाटत होता. एक शब्द बोलला असता तर मी पीठ बदललं असतं, बस. एवढंच होतं ते."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी कशाला मागता?"

निलोफरच्या खाटेजवळ त्या दहा मिनिटे उभ्या होत्या. तिला जागे केले नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

बासितभाई एकटे आले. मंगनीची अंगठी व कपड्यांचा जोडा परत करण्याविषयी बोलून झाले. मी विचारले, आजारामुळे का?

ते म्हणाले, "आजार अल्लाच्या हातात. मुलीत काही खोट नाही, फारूख आजही तयार आहे. पण पटेलसाहेब, माझी बायको आठ दिवस हातानं जेवत नाही. चमच्यानं जेवते. तिच्यासमोर मी तुम्हाला समधी म्हणून कसं बसवू?"

चहा घेतला नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

निलोफर शुक्रवारी घरी आली. कपाळावर पाच टाके आहेत. वजन छत्तीस. डॉक्टर मॅडम म्हणतात, गहू पूर्ण बंद राहिला तर वर्षभरात आतडे भरून येऊ शकेल. खात्री देत नाहीत.

आज दुपारी मका-तांदळाचा पास्ता केला. सातव्या मिनिटाला उतरवला, रश्श्यात तीन मिनिटे ठेवला. तिच्या खोलीत घेऊन गेलो आणि समोर बसलो. तिने चमचा उचलला नाही.

"अब्बा, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्हाला बाहेर ऐकू येत होतं ना? त्या भरवत होत्या ते."

मी म्हणालो, "येत होतं."

"सगळं?"

"सगळं. नऊ घास."

तिने मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर मला काही बोलता आले असते.

"मी प्रत्येक घासाला पडद्याकडे बघत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, आता हलेल."

बशीतून येणारी वाफ थांबली. मग ती म्हणाली, "तुमच्या वहीत हेही लिहा. माझ्या खाण्याबद्दलचंच आहे. आणि खाली सही करा."

मी उठलो, तेव्हा अमिना दारात उभी होती. तिने माझ्या हातातील बशी घेतली, मला बाजूला केले आणि आत जाऊन मुलीजवळ बसली. दार तिने लोटून घेतले. मी बाहेरच्या खोलीत येऊन हे लिहिले आहे. वरील मजकूर खरा आहे. त्यातील काहीही मी वगळलेले नाही.

तन्वीर खलील पटेल
छत्रपती संभाजीनगर
२ नोव्हेंबर २०२५